धावफलकाची तेरीज

कसोटी सामना संपला की वर्तमानपत्रात धावफलक येतो आणि आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो. ज्याने शंभर धावा काढल्या तो थोर, ज्याने दहा काढल्या तो कुचकामी! निदान वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी हा न्याय पटू नये. तेरीज जुळली म्हणजे हिशेब खरा ठरत नाही, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. धावफलकाची तेरीज तर नेहमीच जुळते. तेव्हा खेळाडूच्या कामगिरीचे मोल करायचे असेल, तर आकड्यांच्या मागे काय होते ते पाहिले पाहिजे.

आमच्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. गावसकर थोर की विश्वनाथ, हा वडीलधाऱ्यांकडून वारशाने आलेला वाद इथे खेळाचा न राहता भाषेचा होतो. मला मराठी आणि कन्नड दोन्ही येत असल्याने दोन्ही पक्ष मला साक्षीला बोलावतात! म्हणून उदाहरणासाठी मी हे दोघेही ज्यात खेळले, तो ७ ते ११ फेब्रुवारी १९८१ चा मेलबर्नचा सामना घेतला आहे. भारताने २३७ आणि ३२४ धावा केल्या, ऑस्ट्रेलियाने ४१९ आणि ८३. भारत ५९ धावांनी जिंकला.

पहिला निकष टंचाईचा. वस्तू दुर्मिळ असते तेव्हा तिच्या प्रत्येक नगाचे मोल वाढते, हा सीमान्त उपयोगितेचा नियम आपण अर्थशास्त्रात शिकतो. धावांचेही तसेच आहे. भारताच्या पहिल्या डावातील २३७ पैकी ११४ धावा एकट्या विश्वनाथच्या होत्या, म्हणजे सुमारे ४८ टक्के. त्याच्या खालोखाल किरमाणीच्या, त्या अवघ्या २५. याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डरने १२४ धावा केल्या; पण त्या ४१९ पैकी होत्या. आकड्याने बॉर्डरचे शतक मोठे, मोलाने विश्वनाथचे. सामन्याचा मानकरी विश्वनाथ ठरला तो योग्यच ठरला.

दुसरा निकष वेळेचा. भारत पहिल्या डावात १८२ धावांनी मागे होता. अशा वेळी गावसकर आणि चेतन चौहान यांनी १६५ धावांची सलामी दिली. गावसकरच्या ७० आणि चौहानच्या ८५ धावांना शतकाचा मान नाही; पण कर्जाचा फार मोठा भाग या जोडीने फेडला, आणि फक्त १७ धावांची बाकी उरली. विजयाचे अंतर ५९ धावांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे यांतली कोणतीही एक खेळी वगळून भारत कसा जिंकला असता, हे सांगणे कठीण आहे.

तिसरा निकष जोडीदाराचा. १४३ धावांचे लक्ष्य असताना चौथ्या दिवशी करसन घावरीने डायसनला आणि लगेच पुढच्याच चेंडूवर कर्णधार ग्रेग चॅपेलला बाद केले. दिवसअखेर ऑस्ट्रेलिया ३ बाद २४. मांडीच्या दुखापतीमुळे त्या संध्याकाळी गोलंदाजी न केलेला कपिल देव पाचव्या दिवशी मैदानात उतरला आणि त्याने २८ धावांत ५ बळी घेतले. सर्वांना तेच आठवते. पण दुसऱ्या टोकाला पायाला दुखापत असूनही दिलीप दोशी २२ षटके टाकत होता, त्याही फक्त ३३ धावा देऊन. डावातील ४८.४ षटकांपैकी जवळजवळ निम्मी त्याची. त्याच्या नावावर बळी दोनच. पण एका टोकाने धावा आटल्या म्हणूनच दुसऱ्या टोकाला फलंदाजांवर दडपण आले, असे मला वाटते.

शेवटचा निकष, धावफलकावर न येणाऱ्या नोंदींचा. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर, चेंडू आधी बॅटला लागला होता असे गावसकरला वाटले. रागाच्या भरात तो चौहानलाही बरोबर घेऊन निघाला. संघाचे व्यवस्थापक दुराणी यांनी सीमारेषेपाशी चौहानला थांबवून परत पाठवले. दोघेही निघून गेले असते, तर सामना सोडून दिल्यासारखे झाले असते. पुढे गावसकरने या वागण्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ७० धावा त्याच्या जमेला, तर ही नोंदही त्याच्याच नावे पडली पाहिजे. आणि ज्यांनी एकही धाव केली नाही, त्या व्यवस्थापकांच्या खात्यावर काहीतरी जमा झाले पाहिजे.

मग थोर कोण? या सामन्यात विश्वनाथचे पारडे जड, हे मराठी शाळेत शिकलेला मी निःसंकोच सांगतो. पण गावसकर-चौहान जोडीवाचून त्या शतकाचे व्याज आपल्या हाती पडले नसते, हे माझ्या कन्नड मित्रांनीही मान्य करावे. विश्वनाथ हा गावसकरच्या बहिणीचा नवरा. त्या दोघांत सोयरीक जमली आणि आपण मात्र अजून त्यांची खाती वेगळी मांडत बसलो आहोत! पुढचा कसोटी सामना पाहताना वाचकांनी हे चार निकष लावून पाहावेत. खेळाडू कोणत्या गावचा, हे त्यानंतर विचारावे.