स्त्रियांचे हृदयारोग्य : प्रसूतीनंतर सुटणारा धागा

हृदयविकार हा पुरुषांचा, त्यातही शहरी व सुखवस्तू पुरुषांचा आजार होय, अशी समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. जगात स्त्रियांच्या दर तीन मृत्यूंपैकी सुमारे एक मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे घडतो. रजोनिवृत्तीपर्यंत शरीरातील संप्रेरके स्त्रीला काही अंशी संरक्षण देतात. त्यामुळे हा विकार तिला पुरुषांपेक्षा काही वर्षे उशिरा जडतो, इतकेच. उशिरा येणे म्हणजे न येणे नव्हे.

गर्भारपणातील पूर्वसूचना

गर्भारपण ही स्त्रीच्या हृदयाची मोठी कसोटी असते. या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते व तो सर्व भार हृदयाला वाहावा लागतो. या कसोटीत जे दोष आढळतात, ते पुढील आयुष्याची पूर्वसूचना असतात. गर्भारपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर अशा स्त्रीला पुढे हृदयविकार वा पक्षाघात होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. त्या काळात रक्तातील साखर वाढली असल्यास पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव बराच वाढतो.

बालपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि पुढे हृदयाच्या झडपा आकसतात, हा ऱ्हुमॅटिक विकारही स्त्रियांत अधिक आढळतो. अनेकदा तो प्रथम गर्भारपणातील धापेवरूनच लक्षात येतो.

या सर्व नोंदी माता व बाल संरक्षण कार्डावर होतात. परंतु प्रसूती झाली की हा धागा सुटतो. बाळाच्या लसीकरणासाठी आई उपकेंद्रात येत राहते. त्या वेळी बाळाचे वजन लिहिले जाते. आईचा रक्तदाब बहुधा कोणी पाहत नाही. असंसर्गजन्य रोगांची सार्वत्रिक तपासणी वयाच्या ३० व्या वर्षापासून सुरू होते. बाविसाव्या वर्षी आई झालेल्या स्त्रीची मधली आठ वर्षे अशी नोंदीविना जातात. ज्या स्त्रीला पूर्वसूचना मिळालेली आहे, तिच्या बाबतीत ही वर्षे मोलाची असतात.

घरातील कारणे

आपल्याकडे स्त्रिया धूम्रपान क्वचितच करतात, म्हणून तंबाखूचा प्रश्न त्यांना लागू नाही, असे मानले जाते. तथापि ग्रामीण भागात मशेरी लावण्याची सवय अद्याप आहे, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. चुलीचा धूर फुप्फुसांप्रमाणेच हृदयालाही अपाय करतो. लोणचे, पापड, खारवलेली मिरची व वरून घेतलेले मीठ यांमुळे रक्तदाब वाढतो. दिवसभरात सर्व पदार्थांतून मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हीही भारतीय स्त्रियांसाठी धोक्याची खूण समजली जाते.

लक्षणे ओळखावीत

छातीत दुखणे वा दडपण येणे हे स्त्रियांतही मुख्य लक्षण आहे. परंतु त्यासोबत, अथवा त्याविनाही, धाप लागणे, जबडा, मान वा पाठ दुखणे, मळमळ, घाम आणि अकारण गळून जाणे ही लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. मग त्यांना पित्त, अशक्तपणा किंवा कामाचा शीण असे नाव दिले जाते व मोलाचा वेळ निघून जातो. अशी लक्षणे अचानक उद्भवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. राज्यात ही सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे.

राज्यातील अनुभव

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात प्रारंभी महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. निश्चित उपचारपद्धती, जवळच्या केंद्रात औषधे आणि न आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा ही त्याची सूत्रे होत. औषध सुरू करण्याइतकेच ते चालू ठेवणे महत्त्वाचे, हा त्यामागील विचार आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नवरात्रात, सुरू झालेल्या 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' अभियानाने १८ वर्षांवरील स्त्रियांची तपासणी हाती घेतली. अशा अभियानांतून आढळलेल्या दोषांचा वर्षभर पाठपुरावा झाला, तरच त्यांचे सार्थक होते.

गावाने काय करावे?

गर्भारपणात रक्तदाब वा साखर वाढलेल्या स्त्रियांची स्वतंत्र यादी आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांनी ठेवावी. बाळाच्या लसीकरणाच्या दिवशीच आईचाही रक्तदाब मोजावा व पुढे वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास पुन्हा मोजून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. मजुरी बुडवून स्त्रिया येणार नाहीत; म्हणून तपासणी सायंकाळी अथवा महिला सभेच्या दिवशी ठेवावी.

शिक्षकांनी वारंवार घसा दुखून ताप येणाऱ्या किंवा सांधे सुजणाऱ्या मुलामुलींना वेळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविण्याविषयी पालकांना सांगावे. घसादुखीवर वेळेवर झालेला उपचार मुलीच्या हृदयाच्या झडपा वाचवू शकतो.

२०११ पासून राज्यातील पंचायतींमध्ये निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. महिला सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा आणि तपासणीचा आरंभ स्वतःपासून करावा. जुने कार्ड कपाटात जपून ठेवा, हा साधा निरोपही घरोघर जावा. बाळ मोठे झाल्यावर ते टाकून दिले जाते. वास्तविक आईच्या हृदयाची पहिली नोंद त्यावरच असते.