विदा केंद्र, करसवलत आणि वसईचे पाणी

संगणकीय माहितीची साठवण करणारी आणि तीवर प्रक्रिया करणारी विदा केंद्रे, म्हणजेच डेटा सेंटर, नवी मुंबई व पनवेल परिसरात मोठ्या प्रमाणावर उभी राहिली आहेत. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात त्यांना मुद्रांक शुल्क व विद्युत शुल्कात सवलती देऊ करण्यात आल्या. मुंबईलगतच्या वसई-विरार परिसरात असा प्रस्ताव आल्यास त्याची छाननी कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

पाण्याची पार्श्वभूमी

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. उसगाव (२० दशलक्ष लिटर प्रतिदिन), पेल्हार (१० दशलक्ष लिटर) आणि सूर्या प्रकल्प (२०० दशलक्ष लिटर) हे तिचे जुने स्रोत होत. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ४०३ दशलक्ष लिटरच्या सूर्या प्रादेशिक योजनेत १८५ दशलक्ष लिटरचा वाटा वसई-विरारचा आहे. हे पाणी २०२३ च्या अखेरीस शहरात पोहोचू लागले.

सूर्याचे पाणी धामणी धरणातून येते. मूळ प्रकल्पात सिंचनावर भर होता. त्यामुळे डहाणू, पालघर व विक्रमगड भागांतील शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळविण्यास विरोध नोंदविला होता. दुसरीकडे, वसईच्या किनारपट्टीवरील केळीच्या व फुलांच्या वाड्या विहिरी आणि बावखले यांवर जगल्या. उपसा अति झाला की समुद्राचे खारे पाणी भूगर्भात शिरते. म्हणूनच टँकरसाठी होणाऱ्या उपशाविरुद्ध येथील ग्रामस्थ 'हरित वसई' चळवळीत एकत्र आले. येथे पाण्याच्या प्रत्येक नव्या मागणीमागे हा इतिहास उभा असतो.

पाण्याचा हिशेब

संगणक अहोरात्र चालतात आणि त्यांनी वापरलेल्या विजेची अखेर उष्णता होते. शीतमनोऱ्यात पाण्याची वाफ करून ही उष्णता घालविली जाते. एक युनिट विजेइतकी उष्णता बाष्पीभवनाने काढण्यास सुमारे दीड लिटर पाणी लागते. क्षार साचू नयेत म्हणून काही पाणी वरचेवर सोडून द्यावे लागते. व्यवहारात युनिटमागे १.८ लिटर ही सरासरी धरण्याचा प्रघात आहे.

उदाहरणादाखल २० मेगावॅटचे केंद्र घेऊ. पूर्ण भाराने त्याचा रोजचा वापर ४,८०,००० युनिट होईल. या हिशेबाने पाणी ८,६४,००० लिटर लागेल. शहरी भागासाठी दरमाणशी १३५ लिटरचे प्रमाण धरल्यास हे ६,४०० नागरिकांचे पाणी झाले. ग्रामीण भागासाठीच्या ५५ लिटरच्या प्रमाणाने ते सुमारे १५,७०० ग्रामस्थांना पुरेल. शहराच्या एकूण पुरवठ्यात हा वाटा अल्प वाटतो. तथापि उन्हाळ्यात, नळाला पाणी कमी येते त्याच दिवसांत, केंद्राची मागणी वाढते. म्हणून वार्षिक सरासरीऐवजी मे महिन्याचा आकडा मागणे इष्ट होय.

सवलतीचा भार कोणावर?

मुद्रांक शुल्क व विद्युत शुल्क ही मुख्यतः राज्याची मिळकत आहे. पाणी, रस्ते व मलनिस्सारण यांचा भार मात्र स्थानिक संस्थेवर पडतो. तिचे हक्काचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर. महानगरपालिका क्षेत्रात तो जमीन व इमारतींवर आकारला जातो. आतील यंत्रसामग्रीचे मूल्य त्यात धरले जात नाही. विदा केंद्रातील मोठी गुंतवणूक यंत्रांत असते. त्यामुळे शेकडो कोटींच्या आकड्यावरून स्थानिक तिजोरीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. उभारणीच्या काळात रोजगार मिळतो. कायम नोकऱ्या गुंतवणुकीच्या मानाने थोड्या असतात. सवलत मुदतीची असते, पाण्याची मागणी मात्र केंद्र चालेल तोवर राहते, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

पर्याय

हवेवर चालणाऱ्या शीतयंत्रांना पाणी अत्यल्प लागते, परंतु वीज अधिक खर्च होते. दुसरा मार्ग प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा. नवी मुंबई महानगरपालिकेने कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेचे तृतीय स्तरीय प्रक्रिया प्रकल्प उभारले असून ते पाणी औद्योगिक क्षेत्राला देण्याची सोय केली आहे. विरारजवळ बोळींज येथे ३० दशलक्ष लिटरचे मलप्रक्रिया केंद्र आहे. त्यातील पाण्यावर पुढील प्रक्रिया करून ते वापरण्याची अट घातल्यास पिण्याच्या पाण्याला हात लागणार नाही. असे शुद्धीकरण व जलवाहिनी यांचा खर्च प्रकल्पाने उचलणे न्याय्य होय.

विचारावयाचे प्रश्न

१. उन्हाळ्यातील कमाल मागणी किती व पाणी कोणत्या स्रोतातून घेणार?
२. विहीर वा कूपनलिकेतून उपसा न करण्याचे बंधन लेखी आहे काय?
३. सवलतीची रक्कम व मुदत किती? तिच्या बदल्यात स्थानिक संस्थेला दरवर्षी काय मिळणार?
४. पाणीवापराचे मीटरवाचन दरमहा जाहीर होणार काय? अटभंग झाल्यास सवलत परत घेता येईल काय?

राज्याच्या धोरणात पाण्याचा अग्रक्रम पिण्यासाठी प्रथम, शेतीसाठी नंतर व उद्योगासाठी त्यापुढे असा आहे. हा क्रम केवळ कागदावर राहू नये, यासाठी करसवलत व पाणी यांचा हिशेब संमतीपूर्वी एकाच तक्त्यावर मांडला गेला पाहिजे. तो तक्ता सभेपुढे वाचून दाखविला गेला, तर होकार असो वा नकार, तो समजून दिलेला असेल.