परदेशातल्या फुटपाथची वाट फतेगंजातून

बडोद्याच्या घडियाळी पोळमध्ये कुणाचा मुलगा कॅनडाला निघाला की पेढे वाटले जातात. पण त्याच घरातली मुलगी ‘मला केनियात नाहीतर कंबोडियात रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करायचंय’ म्हणाली, की आईचा चेहरा उतरतो. बाबा पगार विचारतात आणि आजी म्हणते, ‘त्यासाठी तिकडे कशाला? आपल्या स्टेशनावर मुलं कमी आहेत का?’ आजीने हे टोमणा म्हणून म्हटलेलं असतं, पण या क्षेत्रात यापेक्षा कामाचा सल्ला मी ऐकलेला नाही.

जेरू बिलिमोरिया यांचंच पाहा. त्या मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत होत्या. रस्त्यावरच्या, स्टेशनांवरच्या मुलांशी त्यांचा संबंध रोजचा, त्यामुळे अडचण आली की मुलं रात्री-अपरात्रीही त्यांना फोन करत. त्यातूनच 1996 साली संस्थेचा एक प्रकल्प म्हणून ‘चाइल्डलाइन’ ही मुलांसाठीची फोन-मदतसेवा सुरू झाली. 1098 हा क्रमांक ‘दस-नौ-आठ’ असा म्हणायचा, हे मुलांनीच सुचवलं. पुढे 2003 मध्ये याच अनुभवावर ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ उभी राहिली आणि तिचं कार्यालय थाटलं गेलं ॲम्स्टरडॅमला. म्हणजे परदेश आला तो मुंबईच्या फलाटांनंतर.

बडोद्याच्या मुलांना पहिली पायरी शोधायला मुंबईलाही जावं लागत नाही. फतेगंजातली महाराजा सयाजीराव विद्यापीठाची समाजकार्य विद्याशाखा देशातल्या जुन्या संस्थांपैकी आहे. दोन वर्षांच्या एमएसडब्ल्यूमध्ये वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं, आणि खरी परीक्षा तिथेच होते. फलाटावर सापडलेलं मूल तीनदा तीन नावं सांगतं. बालन्याय कायद्याप्रमाणे त्याला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. सगळे कागद पूर्ण होतात, घरचा पत्ता लागतो, मूल घरी पोचतं आणि महिन्याभराने पुन्हा गाडीत बसतं. अशा वेळी चिडण्याऐवजी ‘घरात असं काय आहे, की त्याला फलाट बरा वाटतो?’ हा प्रश्न ज्या विद्यार्थ्याला पडतो, त्याला या कामात समाधान मिळण्याची शक्यता आहे. ज्याला मुलाने ‘थँक्यू’ म्हणावंसं वाटतं त्याने दुसरं काही निवडावं. यात कमीपणा नाही. उलट दोन्ही बाजूंचा त्रास वाचतो.

आता परदेशाचं खरं चित्र. नैरोबीच्या रस्त्यावरचं मूल स्वाहिलीत किंवा तिथल्या ‘शेंग’ नावाच्या टपोरी बोलीत बोलतं, नोम पेन्हमधलं ख्मेरमध्ये. त्याचा विश्वास मिळवायचं काम तिथलाच कार्यकर्ता चांगलं करणार. बाहेरून येणाऱ्याला जागा असते ती कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात, हेल्पलाइन चालवण्यात, कामाचं मूल्यमापन करण्यात, निधी आणि हिशेब सांभाळण्यात. थोडक्यात, फुटपाथपेक्षा टेबल जास्त. हे मुलांना आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच वर्षी हिरमोड होतो.

इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात बालसंरक्षणाचं काम करायचं तर मार्ग वेगळा. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्क इंग्लंड’कडे नोंदणी लागते, ऑस्ट्रेलियात समाजकार्यकर्त्यांची संघटना पदवी तपासते. दोन्हीकडे क्षेत्रकार्याचा हिशेब बघतात, म्हणून त्याच्या तासांची, पर्यवेक्षकाच्या सहीनिशी नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. नंतर ते कागद गोळा करताना घाम फुटतो.

एका धंद्यापासून मात्र सावध. ‘पैसे भरा, चार आठवडे अनाथालयात सेवा करा, प्रमाणपत्र न्या.’ अशा ‘अनाथ’ मुलांचे आईवडील पुष्कळदा हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुलं संस्थेत ठेवली जातात. कंबोडियात काम करणाऱ्या ‘फ्रेंड्स-इंटरनॅशनल’ने मुलं ही पर्यटनस्थळं नव्हेत, अशी मोहीमच 2011 पासून चालवली. ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीवरचा 2018 चा कायदा करताना अशा प्रकाराची दखल घेतली. चांगली संस्था तुमच्याकडून पोलिस पडताळणीचा दाखला मागते, मुलांसोबत फोटो काढायला मनाई करते आणि चार आठवड्यांसाठी कुणाला मुलांजवळ जाऊ देत नाही.

पगाराबद्दल: सुरुवातीला अभियंता झालेल्या चुलतभावाशी तुलना केली तर घरात रोज भांडण होईल. कर्ज काढून परदेशी पदवी घेण्याआधी इथे दोन-तीन वर्षं नोकरी करणं म्हणूनही शहाणपणाचं. अटींबद्दल: सयाजीराव महाराजांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हा महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करारही लिहून घेतला. पाठवणाऱ्याने अटी घालाव्यात, त्यात गैर काही नाही. घरानेही घालाव्यात, पण मुलीशी बोलून, आणि लग्नाची तारीख ही त्यातली पहिली अट नसावी.

परदेशातल्या कामाची एक संधी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेकडे बघता येईल. तिचं मुख्यालय जर्मनीत बॉनला आहे. 18 ते 26 वयासाठी एक गट आहे. 27 पासून पुढच्या तज्ज्ञ गटाला कामाचा अनुभव लागतो. निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो, स्वयंसेवकाकडून शुल्क घेतलं जात नाही. दुसऱ्या कुठल्याही संस्थेचं पत्र आलं, तर बाबांनी पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी वाचाव्यात: विमा कोण काढतं, आजारपणात परतीचं तिकीट कोण देतं आणि तक्रार करायची तर कोणाकडे.