तंजावरची सकाळ राखून ठेवा

तंजावर लहान शहर आहे आणि जोडून आलेल्या सुट्टीत ते पाहून होतं. आमचंही झालं. पण ‘तिथे काय बघायचं?’ असं कुणी विचारलं की मी आता ठिकाणांच्या आधी वेळा सांगते. बृहदीश्वराचं मंदिर सकाळी सहाला उघडतं, साडेबाराच्या सुमारास दर्शन थांबतं ते चारपर्यंत. सगळा बेत या वेळांभोवती बसवावा लागतो, आणि पॅकेज टूर आखणारे नेमकं तेच करत नाहीत.

आमच्या टूरच्या कागदावर होतं: तिरुचिरापल्लीहून निघणे, बृहदीश्वर, जेवण, राजवाडा. महिना एप्रिलचा. गाडी मंदिरापाशी लागली तेव्हा बारा वाजत आले होते. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि आतलं अफाट आवार सगळं दगडी फरशीचं. गोपुरं ओलांडून नंदीपर्यंत पोचेतो आई कळवळायला लागली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भरभर चालता येत नाही, त्यामुळे चटका दुप्पट बसतो. सावलीत बसवून तळपाय पाहिले तर फोड आलेले. दर्शन बंद व्हायची घाई एकीकडे आणि आईचे पाय दुसरीकडे, यात आम्ही मंदिर पाहिलं असं म्हणणंही खोटं ठरेल. म्हणून कळकळीने सांगते: घरातलं वडीलधारं माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल, तर दहाच्या आत बाहेर पडा. जाड पायमोजे पिशवीत असू द्या. आणि मंदिराची वेळ काय धरली आहे, हे पैसे भरण्याआधी विचारा.

दुसऱ्या दिवशी आईला खोलीवर विश्रांती घ्यायला लावलं आणि मी उजाडता उजाडता गेले. तेव्हा कळलं की आदल्या दिवशी काय हुकलं होतं. राजराज चोळाने 1010 मध्ये पूर्ण केलेलं हे मंदिर. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच, आणि कोवळ्या उन्हात त्याचा दगड मधासारखा दिसतो. ‘या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही’ असं आदल्या दिवशी वाटाड्याने ठासून सांगितलं होतं. सावली पडते. सकाळी ती पश्चिमेच्या आवारात लांबवर पसरलेली असते आणि त्या सावलीत फरशी गार असते. चमत्कार ऐकून माना डोलवण्यापेक्षा जोत्यावर कोरलेले तमिळ लेख दाखवायला सांगा. चारशे नर्तकींची नावं आणि त्यांना दिलेली घरं राजराजाने त्या लेखांत नोंदवून ठेवली आहेत. एवढ्या मोठ्या सम्राटाने नाचणाऱ्या बायकांची नावं दगडात टिकवली, याचं मला शिखरापेक्षा जास्त अप्रूप वाटलं.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. नायक राजांच्या काळातल्या चित्रांच्या थराखाली ती दडलेली होती आणि 1931 मध्ये उजेडात आली. ती सर्वसामान्यांना पाहू देत नाहीत. त्यांची आशा धरून जाऊ नका.

मराठी माणसाने मात्र आवाराच्या नैर्ऋत्येकडे जायलाच हवं. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी इथे राज्य स्थापलं. त्याच वंशातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांच्या कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरीत, या मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला. ओळींमागून ओळी, संपता संपत नाहीत. दोनशे वर्षांपूर्वीचं मराठी, त्यामुळे अडखळायला होतं, पण एकेक शब्द लागत जातो. तमिळ मुलखात, हजार वर्षांच्या चोळ मंदिरात, आपली भाषा बोटाने गिरवता येईल इतक्या जवळ उभी असते. (गिरवू मात्र नका, दगड झिजतो.) आमच्या टूरमधल्या एकालाही ही भिंत दाखवली गेली नव्हती. वाटाडे सहसा नंदी, विमान आणि लिंग एवढंच उरकतात. तुम्ही स्वतःहून ‘मराठी शिलालेख’ मागा.

दुपार राजवाड्याला द्या, कारण तिथे डोक्यावर छप्पर आहे. वेगवेगळ्या विभागांची तिकिटं वेगवेगळी असतात. वेळ कमी असेल तर कांस्यमूर्तींचं दालन आधी. तिथला तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव 1011 मधला, म्हणजे मंदिर पुरं झालं त्याच्या दुसऱ्याच वर्षीचा. नंदी आता नाही. ज्या नंदीवर हात टेकला होता तो नाहीसा झाला आणि हात मात्र तसाच, सैल, निवांत हवेत राहिला आहे. केसांचं पागोट्यासारखं वेटोळं, कमरेची किंचित लचक. या एका मूर्तीसाठी अर्धा तास काढून ठेवा. दरबार हॉल दहा मिनिटांत होतो.

राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल आधीच सांगायला हवं, कारण तिथे पुष्कळांची निराशा होते. हजारो हस्तलिखितं आणि मोडी कागदांचा मोठा साठा ऐकून आपण भारावून जातो, पण प्रवाशांसाठी असतं ते छोटं संग्रहालय. पोथ्या अभ्यासकांसाठी आहेत. तरी जा. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची सरफोजींनी काढून घेतलेली चित्रं मिळाली तर थांबून पाहा. राजा असून त्यांनी मोतीबिंदूच्या रोग्यांच्या नोंदी ठेववल्या, 1805 मध्ये देवनागरी छापखाना उभारला. मराठी छपाईच्या इतिहासात तंजावरचं नाव इतकं आधी येतं, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी ठळकपणे सांगायला हवं होतं.

एकाच दिवसात दारासुरम, कुंभकोणम आणि गंगैकोंडचोळपुरमही ‘करून’ देणारे बेत घेऊ नका. गंगैकोंडचोळपुरम तंजावरपासून साधारण सत्तर किलोमीटर आहे, आणि या गावांतलीही मंदिरं दुपारी मिटतात. आमची निम्मी दुपार बंद दारासमोर गेली. त्यापेक्षा एकटं दारासुरम निवडा आणि संध्याकाळी चारनंतर पोचा. तिथलं कोरीवकाम लहान आकाराचं, नाजूक आहे, तिरप्या उन्हात चांगलं उठतं.

संगीताची आवड असेल तर तिरुवैयारू. कावेरीकाठी संगीतकार त्यागराजांची समाधी आहे, तंजावरपासून जेमतेम तेरा किलोमीटर. पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेच्या उत्सवाला तिथे मोठी गर्दी लोटते.

जायचं तर डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, आपल्या दिवाळीच्या सुट्टीत हे लक्षात राहत नाही. जानेवारीत पोंगल आणि आराधना एकामागोमाग येतात, तेव्हा खोल्या आधीच राखून ठेवा, आणि त्या मंदिरापासून पायी जाण्याच्या अंतरावर घ्या, म्हणजे सकाळी सहाला दारात असणं गाडीवाल्याच्या मर्जीवर राहणार नाही.