पहिले ७२ तास आणि घरातला पहिला प्रश्न



आपल्या येवल्याच्या पोरी आता एसटीने मनमाड, कोपरगाव, नाशिकच्या कॉलेजांत जातात. मागे वस्तीतल्या बैठकीत एका आईने विचारलं, "सिस्टर, कॉलेजात पोरीवर जबरदस्ती झाली तर काय करायचं?" मी बोलायच्या आत दुसरीने उत्तर दिलं, "घरी बसवायची, आणि काय!" बाया हसल्या. मागे बसलेल्या दोन पोरी मात्र हसल्या नाहीत. सांगितलं तर शिक्षण सुटतं, एवढं त्या तिथंच शिकल्या.

१९९४ साली जळगावात काय झालं, ते जुन्या लोकांना आठवत असेल. कॉलेजच्या मुलींना जाळ्यात ओढून त्यांचे फोटो काढले, आणि त्याच फोटोंची भीती दाखवून अत्याचार चालू ठेवले. प्रकरण राज्यभर गाजलं, पण तक्रार द्यायला पुढे आल्या त्या मोजक्याच मुली. धमकी फोटोची होती, पण ती चालली कशावर? घरी कळलं तर आपलं काय होईल, या भीतीवर. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि भीती तीच आहे.

मीही या पापातून सुटलेली नाही. नर्सिंगचा डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागले होते. रात्रपाळीला आई एका कॉलेजच्या मुलीला घेऊन आली. "पोटात दुखतंय," म्हणाली. मुलीचे हात थरथरत होते. खरं काय ते कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू तिथं गेलीसच कशाला?" ती पुढे एक शब्द बोलली नाही. पहाटे आई तिला घेऊन गेली, केसपेपरवर फक्त पोटदुखी राहिली. तिला जी औषधं वेळेत मिळायला हवी होती, ती मिळाली नाहीत.

ती औषधं कोणती, ते नीट वाचा. गर्भ राहू नये म्हणून गोळी लागते. ती जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो ७२ तासांच्या आत. पाच दिवसांपर्यंत देतात, पण उशिरा गुण कमी. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, आणि ते २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायचं. शिवाय जखमांवर इलाज, धनुर्वाताचं इंजेक्शन, काविळीची (हिपॅटायटिस बी) लस, गुप्तरोगांवरची औषधं. पाळी तीन आठवड्यांत आली नाही तर लघवीची तपासणी करायची.

जमलं तर दवाखान्यात जाण्याआधी अंघोळ करू नये. अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून न्यावेत, प्लास्टिकमध्ये नकोत, ओल धरते. पण अंघोळ झाली, कपडे धुतले, चार दिवस उलटले, तरीही जावंच.

आधी पोलीस, मग उपचार, असा नियम नाही. सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याने उपचार फुकट आणि लगेच द्यायचे आहेत. नाकारणं गुन्हा आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण सज्ञान मुलीला तक्रार नको असेल तरी उपचार थांबत नाहीत. १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. तपासणी तिच्या संमतीनेच होते. 'दोन बोटांची तपासणी' सुप्रीम कोर्टाने २०१३ साली चुकीची ठरवली, २०२२ साली पुन्हा खडसावलं. कोणी करू लागलं तर "नाही" म्हणा. अंगावर जखम नाही म्हणजे काही घडलंच नाही, असंही नसतं. घाबरलेलं शरीर कित्येकदा गोठून जातं, हे मी वॉर्डात पाहिलंय.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. घटना नाशिकची आणि तुम्ही येवल्यात असाल तरीही. तिचं नाव छापणं, पसरवणं गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर "न्याय द्या" म्हणून फोटो फिरवणारे आपले कार्यकर्तेही यात आले बरं का! कॉलेजात अंतर्गत समिती असायलाच हवी. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार देता येते, आणि ती दिली म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही. एकटीने जायचं नसेल तर १८१ वर फोन करा, जिल्ह्याच्या सखी केंद्रातून मदत मिळते.

आपल्याकडे अजून एक गाठ आहे. करणारा वरच्या जातीचा असेल तर "गावाशी वैर नको" म्हणतात, आपलाच असेल तर "समाजाची बदनामी नको". दोन्ही वेळेला गप्प बसते ती पोरगीच. पहिल्या बाबतीत ॲट्रॉसिटीचं कलम फिर्यादीतच घालायला सांगा, जातीचा दाखला सोबत न्या. दुसऱ्या बाबतीत विहारात पंच बसवून मिटवामिटवी करू नका. त्याला माझा सरळ विरोध आहे.

आणि पोरीने सांगितलं तर? "तू सांगितलंस ते बरं केलंस. चूक तुझी नाही. चल, दवाखान्यात जाऊ." एवढंच म्हणा. कधी, कुठे, कुणी, हे तिला पाहिजे तेव्हा ती सांगेल; चारचौघींत पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. पुढचे काही आठवडे झोप लागणार नाही, जेवण जाणार नाही, ती चिडेल. तिच्याजवळ झोपा. एचआयव्हीची तपासणी दीड महिन्याने आणि तीन महिन्यांनी पुन्हा होते. त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा, सोबत जा. आणि तिच्या एसटी पासची मुदत संपत आली असेल, तर त्याच आठवड्यात नवा काढून आणा.