मनीचंही बिऱ्हाड हलतंय



मे महिना हा आपल्याकडे घरं बदलण्याचा महिना. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, कुणाच्या बदलीची ऑर्डर आलेली असते, कुणाचा जुना वाडा पुनर्विकासाला गेलेला असतो. शाळेचा दाखला, गॅसचं कनेक्शन, पॅकर्सवाल्यांचा दर अशी कामांची यादी लांबत जाते आणि मांजराचं नाव तिच्यात अगदी तळाशी येतं. तेही बहुधा मुलांनी विचारल्यामुळे : ‘‘मनीला नेणार ना आपण?’’

या प्रश्नाला ‘बघू’ हे उत्तर देऊ नका. ‘मांजर घराचं असतं, माणसांचं नाही, राहील ती इथेच’ असं शेजारीपाजारी सांगतीलच. पण पाडायला काढलेल्या वाड्यात तिला खायला कोण घालणार? पाळलेलं जनावर उपाशी राहील अशा स्थितीत टाकून जाणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ‘सोसायटीत चालत नाही’ ही सबबही टिकत नाही. सोसायट्यांना पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ सालीच पत्रक काढून कळवलं आहे. तेव्हा मुलांना स्पष्ट सांगा, मनी आपल्याबरोबर येणार.

शेजाऱ्यांच्या बोलण्यात तथ्य एवढंच की मांजराचा जीव जागेत गुंतलेला असतो. दाराची चौकट, खाटेचे पाय, तुळशीवृंदावनाचा कोपरा यांवर मनी रोज गाल घासत होती. त्यातून तिचा वास तिथे लागत होता. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण ‘हे माझं’ हे तिला त्यावरूनच उमगतं. सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिला येतो ताज्या ऑइलपेंटचा आणि फिनेलचा वास. अंगण गेलं, भिंत गेली, ओळखीचं म्हणावं असं काही उरलं नाही. म्हणून तिची गोधडी नव्या घरात जाण्याआधी धुऊ नका. मळकी असली तरी चालेल, तशीच न्या.

सामान हलवायच्या दिवशी सगळी दारं सताड उघडी असतात. सकाळीच तिला एका खोलीत बंद करा आणि टेम्पो भरला की शेवटी कॅरिअरमध्ये घाला. नव्या घरी मात्र तिची खोली सगळ्यांत आधी लावा. एकच खोली. तिथे गोधडी, पाणी, खाणं, पॅकिंगचा एखादा रिकामा खोका आणि खाण्यापासून दूर, पलीकडच्या कोपऱ्यात लिटरचा ट्रे ठेवा. वास्तुशांतीला होमाचा धूर असतो, पाहुण्यांची वर्दळ असते. त्या दिवशी या खोलीला बाहेरून कडी घाला आणि दारावर मुलांच्या हातची पाटी लावा.

आता मुलांबद्दल. मनीला रुळवायचं काम मुलांकडे जरूर द्या, पण त्यातलं पहिलं काम तिला हात न लावण्याचं आहे. कॅरिअर उघडताच ती पोट जमिनीला टेकवून सरपटत पलंगाखाली जाईल आणि भिंतीला चिकटून बसेल. कान मागे, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की हिरवा रंग दिसेनासा. मुलं लगेच पालथी पडून आत हात घालतात, शेपूट धरून ओढायला बघतात. त्यांना सांगा, पलंगापासून दोन हातांवर बसायचं आणि आपली गोष्टीची पुस्तकं मोठ्याने वाचायची. मनीला गोष्ट कळत नाही, आवाज कळतो. तिने बघितलं तर रोखून पाहायचं नाही, पापण्या सावकाश मिटायच्या आणि उघडायच्या. माणसाने असं केलं की मांजरं पुष्कळदा तसाच प्रतिसाद देतात आणि जवळ यायला अधिक तयार होतात, असं इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० साली आढळलं. दुसऱ्याच्या मनाची वाट पाहणं मुलांना उपदेशाने शिकवता येत नाही. इथे ते आपोआप घडतं, कारण घाई केली की मनी आणखी आत सरकते. ती आपणहून बाहेर आली, शेपूट वर करून खोलीत हिंडू लागली, की मग पुढची खोली उघडा.

मोकळ्या मांजराला मातीची सवय असते, लिटरची नाही. जुन्या अंगणातली पिशवीभर माती आणा, ट्रेमध्ये मिसळा आणि पुढे तिचं प्रमाण कमी करत जा. ट्रे रोज साफ झालाच पाहिजे. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने करू नये. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला अपायकारक ठरतो. नखं घासायला झाड नाही म्हणून ती सोफा धरेल. एखाद्या जड, न डुगडुगणाऱ्या खांबाला काथ्याची दोरी गच्च गुंडाळा, तिला मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणता येईल एवढ्या उंचीपर्यंत. फरशी पुसताना फिनेल टाळा. ओल्या फरशीवरून चालून तिने पंजे चाटले की ते पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते निपटता येत नाही. डांबराच्या गोळ्याही दूर ठेवा, आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका. मांजराला ते विषच.

मांजर पडत नाही, पडलं तरी पायांवरच पडतं, यावर विसंबू नका. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्राणी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९८७ साली उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची माहिती प्रसिद्ध केली होती. ती सगळी अवघ्या पाच महिन्यांत तिथे आली होती. उपचार मिळालेली बहुतेक वाचली, पण कुणाच्या छातीला मार, कुणाचा जबडा मोडलेला. आपल्या बाल्कनीच्या कठड्यावर तर कबुतरं येऊन बसतात आणि त्यांच्यावर डोळा ठेवून मनी झेप घेणारच. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी ती दातांनी तोडू शकते. खिडक्यांना तारेची घट्ट जाळी बसवा आणि ती जाळी लागेपर्यंत बाल्कनीचं दार बंद ठेवा.

दिवसभर झोपून रात्री दाराशी ओरडणं, ही सगळ्यांचीच तक्रार. बाहेर ती शिकार करायची, खायची, अंग चाटायची आणि मग झोपायची. हाच क्रम घरात आणा. संध्याकाळी मुलांनी दोरीला बांधलेलं पीस दहा-पंधरा मिनिटं पळवायचं, शेवटी तिला ते पकडू द्यायचं आणि लगेच जेवण वाढायचं. तरी ती ओरडलीच तर कंटाळून दार उघडू नका. एकदा उघडलंत की ओरडल्यावर दार उघडतं हे ती पक्कं शिकेल. नसबंदी राहिली असेल तर करून घ्या, विशेषतः बोक्याची. त्याची हिंडण्याची ओढ आणि घरभर मुताच्या पिचकाऱ्या, दोन्ही पुष्कळ कमी होतात.

पहिला दिवस ती कदाचित नीट खाणार नाही. पण पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर पशुवैद्यांना फोन करा, कारण उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं. बोका ट्रेमध्ये कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर तासाभराचाही उशीर नको. आणि घाबरलेल्या मांजराने मुलाला ओरखडलं किंवा चावलं तर हळद लावून गप्प बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे न्या. जखम लपवावीशी वाटू नये म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा, ‘‘ओरखडलं तर तुलाही रागावणार नाही, मनीलाही नाही.’’

सगळं रुळायला काही आठवडे जातात, एखाद्या मांजराला काही महिनेही. मध्येच सोफ्याची चिंधी होईल, गादी ओली होईल आणि तुमच्या तोंडून निघेल, ‘‘पुन्हा असं झालं तर तिला सोडून येईन.’’ एवढं मात्र आवरा. अभ्यासासाठी, भाजी खाण्यासाठीही ही धमकी वापरू नका. तुमच्या मुलाचेही मित्र, शाळा, गल्ली नुकतेच सुटले आहेत. त्रास देणाऱ्याला हे घर सोडून देतं, हे त्याला मनीच्या निमित्ताने ऐकू यायला नको.