विज्ञान इंग्रजीतून, समज मात्र आपल्या बोलीतून

आज आपल्या वस्तीतील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमाच्या किंवा सेमी-इंग्रजी शाळेत जातात. सेमी-इंग्रजीत गणित व विज्ञान हे विषय इंग्रजीतून आणि बाकीचे मराठीतून शिकविले जातात. पालक पोटाला चिमटा घेऊन खर्च करतात. पण घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसते. अशा मुलांना विज्ञान कसे शिकवावे, याविषयी विहारातील सायंकाळच्या अभ्यासवर्गात आम्हाला जे उमगले ते येथे मांडीत आहोत. आम्ही काही विज्ञानाचे पदवीधर नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

सहावीतील एका मुलाला आम्ही 'कंडेन्सेशन' म्हणजे काय, असे विचारले. त्याने पुस्तकातील इंग्रजी व्याख्या एका दमात म्हणून दाखविली. मग आम्ही बर्फाच्या पाण्याने भरलेला स्टीलचा पेला त्याच्यापुढे ठेवला. थोड्या वेळाने पेल्यावर बाहेरून थेंब जमले.

"हे पाणी कोठून आले?"

"पेल्यातून झिरपले, सर."

व्याख्या तोंडपाठ होती. पण ती या पेल्याविषयीच आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. दोष मुलाचा नव्हता. त्याला परीक्षेत गुण मिळत होते, म्हणून आम्हीही कधी खोलात शिरलो नव्हतो.

मग पेल्यातील पाण्यात निळी शाई टाकली व पेला बाहेरून कोरडा पुसला. पुन्हा थेंब जमले. मुलाने ते बोटाने टिपून पांढऱ्या कागदावर टेकविले. कागदावर निळा डाग नव्हता. तो स्वतःच म्हणाला, "मग हवेतूनच आले असणार!" हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार पेल्याला लागून तिचे पाणी होते, हे त्यानंतर सांगितले. यालाच मराठीत संघनन आणि इंग्रजीत 'कंडेन्सेशन' म्हणतात, हे सर्वांत शेवटी. पावसाळ्यात हा प्रयोग लवकर साधतो.

यावरून आम्ही काही गोष्टी ठरविल्या.

१) आधी वस्तू, मग शब्द. मुलाने पाहावे, हाताळावे, अंदाज सांगावा. नाव नंतर द्यावे.

२) घरच्या बोलीत बोलू द्यावे. 'इव्हॅपोरेशन' कळत नाही म्हणून 'बाष्पीभवन' सांगितले, तर एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा येतो. "दोरीवरचे धुणे वाळते, ते पाणी कोठे जाते?" असे विचारले की मूल बोलू लागते.

३) फसव्या शब्दांकडे लक्ष द्यावे. 'गॅस' म्हटले की मुलांना स्वयंपाकघरातील सिलिंडर आठवतो. आणि त्यात तर दाबाखाली बराचसा द्रवच असतो! वरच्या वर्गात 'वर्क' येते. डोक्यावर हंडा घेऊन आई स्थिर उभी असेल, तर हंडा हलत नाही, म्हणून विज्ञानाच्या अर्थाने त्यावर कार्य शून्य. आईचे कष्ट खोटे नाहीत. शब्दाचा अर्थ वेगळा आहे, हे स्पष्ट सांगावे.

४) शेवटी इंग्रजी वाक्य. 'इफ', 'व्हेन', 'बिकॉज' यांचे साचे द्यावेत आणि समजलेली गोष्ट दोन छोट्या वाक्यांत मुलाला स्वतः लिहू द्यावी. 'डिफाइन', 'गिव्ह रीझन्स', 'डिस्टिंग्विश बिटवीन' या प्रश्नांत काय मागितले आहे, तेही शिकवावे. उत्तर येत असून प्रश्न न कळल्याने गुण जातात.

हा मार्ग आपल्याला परका नाही. बुद्धवचन छंदस् भाषेत बसवावे, ही दोन भिक्खूंची विनंती भगवंतांनी नाकारली व ते आपापल्या भाषेत शिकण्यास अनुमती दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात आले आहे. केवळ ऐकीव आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नये, ही कालाम सुत्ताची शिकवण तर त्या पेल्याच्या प्रयोगातच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही विज्ञान व गणितासाठी द्विभाषिक पुस्तकांचा पुरस्कार केला आहे.

इंग्रजी नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढले, आणि 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. दोन्ही भाषा आपल्या आहेत. परंतु न समजता पाठ केलेले इंग्रजी दहावीनंतर साथ देत नाही, आणि "विज्ञान आपल्याला झेपत नाही" असे म्हणून हुशार मूल ती वाट सोडते. हे नुकसान एका घराचे नाही, साऱ्या समाजाचे आहे.

म्हणून सभासदांना विनंती की, आठवड्यातून दोन तास अभ्यासवर्गाला द्यावेत. प्रयोगशाळा नको, पेला, शाई आणि मुलाचे बोलणे ऐकून घेण्याचा धीर, एवढे पुरे.